मागची टाकी

डिसेंबरातला पहिला रविवार, सकाळी अकराची वेळ. रक्कम एक लाख बेचाळीस हजार रुपये, पैकी साठ हजार आगाऊ. हजर तिघं: मी, माझी मुलगी आणि धायरीतल्या गॅरेजचा मालक. गाडी मुलीची, पैसे मुलीचे, कोटेशनवर सही मुलीची. मी तिथे कशासाठी होतो, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. गाडी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि ती जागा माझ्या नावावर आहे, एवढंच एक कारण कागदावर दाखवता येईल.

मुलीचं लग्न होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सासर वाघोलीत. तिथे फ्लॅट मोठा, पण पार्किंग एकच आणि त्यात व्याह्यांची गाडी. म्हणून तिची गाडी माहेरीच राहिली. नऊ वर्षं जुनी, परदेशी बनावटीची, टर्बो बसवलेली पेट्रोल गाडी. तिने ती नोकरीतल्या पैशांतून घेतली आणि तेव्हापासून ती गाडी कधी एका महिन्याच्या वर जशीच्या तशी राहिली नाही.

आताचं काम असं होतं. वर्षातून दोन-तीनदा एका बंद धावपट्टीवर गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यती होतात. मुलीला त्यात उतरायचं होतं. शर्यतीसाठी वेगळं इंधन लागतं. त्यात इथेनॉलचा भाग फार मोठा असतो, ते थंड जळतं, त्यामुळे इंजिनात जास्त दाबाने हवा कोंबता येते. पण ते महाग, बंद डब्यातून मागवावं लागतं आणि भराभर संपतं. ऑफिसला जायला ते कोण जाळणार? म्हणून गाडीची मूळ टाकी पंपावरच्या पेट्रोलसाठी ठेवायची आणि डिकीत वीस लिटरची दुसरी टाकी बसवायची. तिचा पंप वेगळा, नळ्या वेगळ्या. समोर एक बटण. ते दाबलं की इंजिन मागच्या टाकीतून पिऊ लागतं, परत येणारं इंधनही मागेच जातं आणि गाडीतला कॉम्प्युटर त्या इंधनाचा मॅप लावतो. मॅप म्हणजे कधी ठिणगी टाकायची, किती इंधन सोडायचं, हवेचा दाब किती ठेवायचा, याची कोष्टकं. कोष्टकं हा एकच भाग मला लगेच समजला.

माझ्या अटी दोन होत्या. एक, डिकी आणि मागची सीट यांच्यात पत्र्याची बंदिस्त भिंत हवी, आणि टाकीची हवा बाहेर सोडणारी नळी गाडीच्या खाली निघाली पाहिजे. दोन, आरटीओच्या कागदांवर या गाडीला एकच टाकी आहे, तेव्हा दुसरी शर्यतीपुरती बसवायची आणि लगेच काढून ठेवायची.

"होऊन जाते ना काका," गॅरेजवाला म्हणाला.

हा मुलगा यवतमाळकडचा. वय बत्तीस-तेहेतीस. हिंजवडीत डिझाइनची नोकरी करत होता, ती सोडून त्याने हे गॅरेज टाकलं. कामाचा चांगला होता. पण त्याचं 'होऊन जाते' कधी होईल याला तारीख नव्हती. अॅल्युमिनियमची टाकी जानेवारीच्या सुरुवातीला यायची ती जानेवारीच्या अखेरीस आली. तिचं झाकण वेगळं आलं. पंप आला, त्याच्या नळ्या आल्या नाहीत.

"कुठे अडकल्या?" मी विचारलं.

"पार्सल येऊन राहिलं ना काका."

"परवाही येऊनच राहिलं होतं."

"आजही तेच येऊन राहिलं."

माझे जवळजवळ सगळे रविवार त्या गॅरेजात एका प्लास्टिकच्या खुर्चीवर गेले. मुलगी त्या पोराबरोबर गाडीखाली किंवा लॅपटॉपसमोर, आणि मी खुर्चीवर. मला कोणी बोलावत नव्हतं आणि मला घरी बसवतही नव्हतं. माझ्या कमरेला ती खुर्ची मानवली नाही. शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी एकदा जिन्यात भेटून म्हणाले, "आपण पार्किंगमध्ये पेट्रोल पंप काढताय असं ऐकतो. मेंबरांना काही सवलत?" तेव्हापासून गाडी घरी असली की मी रोज सकाळी खाली जाऊन डिकी उघडून वास घ्यायचो. वास कधीच आला नाही, टाकीच अजून बसली नव्हती. तरी जायचो.

"आधी आंघोळ करा, मग डिकीची पूजा करा," बायको म्हणायची.

तिची काळजी वेगळी होती. शर्यतीचं व्याह्यांना सांगितलेलं नव्हतं. जावयाला सगळं माहीत होतं, त्याला कौतुकच होतं, पण तो काही महिने कंपनीच्या कामाने बंगळुरात होता, म्हणून मुलगीही तेवढे दिवस आमच्याकडेच राहत होती. व्याही वाघोलीचे मूळचे, शेती असलेल्या घरातले. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्याच एकीत आता राहतात. माणूस मोकळा, पण रीतीचा पक्का. सुनेने हेल्मेट घालून गाडी पळवलेली त्यांना चालेल का, हे कुणी विचारून पाहिलं नव्हतं. "एक शर्यत होऊ दे, मग मीच सांगते," मुलगी म्हणायची. आणि बायको म्हणायची, "त्यांनी नको म्हटलं तर गाडी विकावी लागेल, आणि ही विकेल. त्यांना बोलणार काही नाही, पण आयुष्यभर मला ऐकवेल." यात अतिशयोक्ती नव्हती. मुलगी माझ्यासारखी आहे, ती विसरत नाही.

आमच्या दोन घरांमध्ये डब्यांची ये-जा असते. बायको चकलीचा डबा पाठवते, तो परत येताना त्यात शेंगा असतात. शेंगांचा डबा आम्ही चिवडा भरून पाठवतो. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत आमच्याकडेही आहे, पण व्याह्यांकडे ती फारच कडक. एकदा मी त्यांची छत्री आणली होती, ती परत करायला गेलो तर छत्री ठेवून घेतली आणि माझ्या हातात भोपळा दिला.

शर्यत फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी होती. गुरुवारी टाकी बसली. मॅप लावताना थोडं जळून तिच्यात शर्यतीचं तेरा लिटर इंधन उरलं, गॅरेजवाल्याकडे आणखी नव्हतं, आणि तेवढं पुरणार होतं. मॅप लावून झाला. एक गोष्ट राहिली: इंधनात इथेनॉल किती आहे ते मोजून कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर. तो कोटेशनबाहेरचा, वेगळ्या पैशांचा, आणि अजून आला नव्हता. "आपण एकच इंधन टाकून राहिलो तर सेन्सरचं काय काम," पोरगा म्हणाला. "पुढच्या महिन्यात लावू." मुलीलाही ते पटलं.

शुक्रवारी संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. तो बायकोने घेतला. त्यांची गाडी सर्व्हिसिंगला गेली होती, पार्ट मिळाला नव्हता आणि शनिवारी लोणी काळभोरला त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. सुनेची गाडी आमच्याकडे आहे ना, असं ते विचारत होते.

"आहे ना. न्या की," बायको म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर खाली बसली.

नाही म्हणता आलं नसतं. सुनेची गाडी म्हणजे त्यांच्या घरातलीच गाडी. मुलीने ऐकलं आणि ती म्हणाली, "नेऊ दे. बटण दाबू नका एवढं सांगा त्यांना." शनिवार असूनही तिला ऑफिसला जायचं होतं.

सकाळी आठला व्याही रिक्षाने आले. फेटा बांधलेला, हातात आहेराच्या पिशव्या. पिशव्या ठेवायला त्यांनी डिकी उघडली.

"पाव्हणं, ही टाकी कसली?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "जादाची आहे. लांबच्या प्रवासाला बरी पडते."

"ब्येस केलं," ते म्हणाले. "हायवेला पंपावर लई गर्दी असती."

मी त्यांना बटण दाखवलं आणि त्याला हात लावू नका म्हणून सांगितलं. ते बरं म्हणाले. मग मी म्हणालो, "पेट्रोल पुरेसं आहे, कृपा करून भरू नका." तेही त्यांनी ऐकून घेतलं, हसून. ते हसू मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्याकडे पाहुणा 'वाढू नका' म्हणाला तर यजमान ते ऐकतो आणि वाढतो. मी सूचना दिली होती आणि त्यांच्या कानावर आग्रह पडला होता.

संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी आली. धुऊन, पुसून आणली होती. मुलगी ऑफिसातून आली होती, खाली आम्ही तिघंही उभे होतो. व्याही उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि खिशातून पावती काढली.

"गाडी ग्वाड चालती. दोन्ही टाक्या फुल्ल करून आणल्यात. मागली पण. पंपावरला पोरगा नको म्हणत व्हता, म्हणलं भर, पाव्हण्याची गाडी हाय, अर्धी कशी पाठवायची."

मुलगी डिकीपाशी गेली, तिने झाकण उघडून आत पाहिलं आणि परत लावलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "डिझेल न्हाय भरलं. पेट्रोलच हाय. पावती हाय माझ्याकडं."

"चहा टाकते," बायको म्हणाली, पण जागची हलली नाही.

मुलगी त्यांना अण्णा म्हणते. ती म्हणाली, "अण्णा, वर चला, सांगते." मग तिथेच थांबून म्हणाली, "ही प्रवासाची टाकी नाही. यात शर्यतीचं इंधन होतं. उद्या शर्यत आहे, आणि गाडी मी चालवणार आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बायकोकडे. बायको पार्किंगच्या खांबावरचा नंबर वाचत होती.

"म्हंजे त्यात पेट्रोल चालत न्हाय?"

"नाही."

"नासलं का सगळं?"

"उद्यापुरतं तरी."

ते डिकीच्या कडेला टेकून बसले. मला वाटलं आता गाडीचा, शर्यतीचा, लपवाछपवीचा विषय निघणार. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "आमच्या वडलांचा बैलगाडा पळायचा," ते म्हणाले. "पळायच्या घाटात नाव व्हतं. शर्यतीच्या आदल्या दिशी बैलाला आमी कुणाला हात लावू देत नव्हतो. पाव्हणा आला, प्रेमानं गूळ चारतो म्हणला, तरी न्हाय. खुराक बदलला की बैल बसतो." मग म्हणाले, "आन् मीच चारून आलो. सांगितलं असतं तर नसतं चारलं, सूनबाई."

"हो," मुलगी म्हणाली. "सांगायला हवं होतं."

वर जाऊन गॅरेजवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. मी तोवर आकडेमोड केली होती. तेरा लिटरात सात लिटर पंपावरचं पडलं, म्हणजे मागच्या टाकीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग आता ऑफिसला जायचा होता. पोराने सगळं ऐकलं. त्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच तो म्हणाला, "नाही होत, काका."

"दाब थोडा कमी करून?" मी विचारलं.

"मॅपला वाटून राहिलं की इंधन जुनंच आहे. तो तेवढाच दाब देते. पिस्टन फुटते. सेन्सर असता तर गाडीला समजलं असतं आत काय आहे." मग म्हणाला, "मी लावायला पाहिजे होता."

नवा डबा बुधवारच्या आधी मिळणार नव्हता. पुढच्या टाकीवर, साध्या मॅपवर गाडी पळेल, पण तशी तर ती रोज सिंहगड रोडला पळतेच.

"मग राहू दे," मी म्हणालो. मला खरंच राहू द्यायचं होतं. इतके रविवार गेले होते, आणखी एक घरी झोपून काढला असता.

"फी भरली आहे," मुलगी म्हणाली. "नाव पुकारतील तेव्हा मी तिथे असणार."

व्याही मुक्कामाला राहिले. त्यांना कुणी राहा म्हटलं नव्हतं आणि जा म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. पहाटे मी उठलो तर ते बूट घालून दारात तयार बसले होते.

धावपट्टीवर ऊन फार होतं आणि सावलीला एकच मांडव होता. तपासणीच्या माणसाने डिकी पाहिली, मागच्या टाकीची भिंत ठोकून पाहिली, नळीचा बाहेरचा तोंडाकडचा भाग वाकून पाहिला आणि "नीट केलंय" म्हणाला. तीन महिन्यांत माझ्या अटीला मिळालेलं हे एवढंच प्रशस्तिपत्र. मुलीने त्याला सांगितलं की आज मागची टाकी बंद आहे. त्याने विचारलं का, आणि तिने "चुकून भरली गेली" एवढंच सांगितलं. व्याही शेजारीच उभे होते.

प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत तिला सोळा सेकंदांच्या थोडं वर लागलं. मागच्या टाकीवर ती साडेचौदाच्या आत जाईल, असं गॅरेजवाल्याने लॅपटॉपवर काढलेलं कोष्टक मी स्वतः पाहिलं होतं. दीड सेकंद म्हणजे काय, हे धावपट्टीच्या टोकाशी उभं राहिल्याशिवाय समजत नाही. शेजारची गाडी निघून गेलेली असते.

दुसऱ्या फेरीआधी गाड्या रांगेत थांबल्या होत्या. काच खाली होती. व्याह्यांनी आत वाकून बटणाकडे बोट दाखवलं.

"हे दाबलं तर?"

"तर पळेल," मुलगी म्हणाली. "मग फुटेल."

"मधी किती येळ?"

"तेच माहीत नाही."

ते सरळ उभे राहिले. दाबू नको, असं मला सांगायचं होतं. पण ती तीस वर्षांची आहे, इंजिन तिचं आहे, आणि त्या बटणाचं काय होतं ते माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत होतं. शर्यत तिला हवी होती आणि गाडीही हवी होती. दोन्ही मिळतील असा दिवस तो नव्हता.

दिवे लागले. मी डोळे मिटले, कारण बटण दाबलं तर आवाज बदलतो, तो मला ओळखता येतो. गुरुवारी मॅप लावताना तेवढं त्या खुर्चीने शिकवलं होतं. गाडी सुटली, गिअर पडत गेले, आवाज शेवटपर्यंत एकच राहिला. साधा, रोजचा, ऑफिसला जातानाचा.

दुसऱ्या फेरीचा वेळ पहिल्यापेक्षा किंचित बरा. तिच्या गटात अकरा गाड्या होत्या, तिचा नंबर दहावा. अकरावी गाडी सुरूच झाली नव्हती.

ती हेल्मेट काढून आली. केस चिकटले होते. "दाबावंसं वाटलं होतं," ती म्हणाली. "अर्ध्यावर."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. पुढच्या वेळी काय पळवायचं?"

व्याही म्हणाले, "पुढच्या वेळी कधी हाय?"

तिने मे महिना सांगितला. त्यांनी मान हलवली आणि खिशातून फोन काढून वाघोलीला लावला. घरी काय सांगताहेत ते ऐकू नये म्हणून मी मांडवाकडे गेलो. तरी ऐकू आलंच, कारण ते फोनवर मोठ्याने बोलतात. "दहावी आली," ते सांगत होते. "न्हाय, चूक तिची न्हाय. आपली हाय."

परतीच्या वाटेवर तिघंही दमलो होतो. मी मागे बसलो होतो, पत्र्याच्या भिंतीला पाठ टेकून. भिंतीपलीकडे वीस लिटर हिंदकळत होते. घरी बायको दारातच उभी होती. तिने आमच्या तोंडाकडे पाहिलं. नंतर स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "गाडी विकायची का?"

"मे महिन्यात परत आहे," मी म्हणालो.

"देवा," ती म्हणाली, आणि व्याह्यांचा डबा भरायला घेतला.

सोमवारी गॅरेजात मागची टाकी उतरवली. आतलं इंधन पोराने सुटे भाग धुवायला ठेवून घेतलं आणि त्याचे दीड हजार बिलातून वजा केले. टाकी आता त्याच्या मांडणीवर कापडात गुंडाळलेली असते. माझी दुसरी अट अशी पाळली गेली. पुढच्या आठवड्यात मी उरलेले पैसे द्यायला गेलो. मुलगी देणारच होती, पण मला ते काम माझ्या डोळ्यांदेखत मिटायला हवं होतं. तिथे गेल्यावर कळलं की व्याही आदल्या दिवशी वाघोलीहून बस बदलत येऊन गेले. त्यांची गाडी अजून सर्व्हिसिंगलाच होती.

"त्यांनी विचारलं, ते काय राहिलं होतं, ज्याने गाडीला समजते," पोरगा म्हणाला. "सेन्सर म्हटलं. म्हणाले, तो लाव. मग कोणी काहीही भरलं तरी गाडीला समजलं पाहिजे."

मी व्याह्यांना फोन करून सेन्सरचे पैसे पाठवतो म्हणालो. "डबा रिकामा देत नसतात, पाव्हणं," ते म्हणाले आणि लग्नातल्या जेवणाबद्दल बोलू लागले.

तेव्हा शेवटी हिशोब असा झाला. गॅरेजवाल्याला उरलेले ब्याऐंशी हजार वजा दीड हजार, म्हणजे साडेऐंशी हजार, मी दिले. मुलीने ते त्याच संध्याकाळी माझ्या खात्यावर टाकले. सेन्सरचे अठरा हजार दोनशे रुपये व्याह्यांनी गॅरेजवाल्याला रोख दिले.